फळी लहान, घाई मोठी

सहा फुटी सर्फबोर्ड घ्यायला निघालेल्या माणसाला एकच प्रश्न विचारावा. मागच्या वेळी पाण्यात होतात तेव्हा, कुणीही न ढकलता, स्वतःच्या हातांनी पाणी मारून, न फुटलेल्या किती लाटा पकडल्यात? उत्तर पटकन आलं तर त्याला खुशाल जाऊ द्या. उत्तराऐवजी फोनमधला फोटो पुढे आला, तर मात्र त्याचा हात धरा. पैसे तर वाचतीलच, पण त्याचा समुद्रही वाचेल.

कारण लहान बोर्डाची घाई माणसाला सर्फिंगमधून हाकलून देते. हे मी फार वेळा पाहिलं आहे आणि दर वेळी चीड येते. हौसेनं शिकलेला, फेसाळ पाण्यात उभा राहून आनंदानं ओरडलेला माणूस नवा आखूड बोर्ड घेऊन उतरतो. तासभर हात मारतो. एक लाट येते आणि पोटाखालून निघून जाते. दुसरी येते, बोर्डाचं पुढचं टोक, म्हणजे नोज, पाण्यात खुपसते आणि त्याला पालथा करते. खांदे भरून येतात, बरगड्या दुखतात. अशा दोन-तीन सहली झाल्या की ‘आता आपलं वय नाही’ असं तोच सांगू लागतो. मग बोर्ड गॅलरीत उभा राहतो आणि त्यावर टॉवेल वाळतात. माणसात काही खोट नव्हती. दोन वर्षं आधीच विकत घेतलेल्या बोर्डानं त्याचा घात केला.

शिकण्याची आपल्याकडची रीतच या घाईला खतपाणी घालते. गोव्यात हरमल किंवा आश्वेला, कर्नाटकात मुल्कीला, तामिळनाडूत कोवलमला किंवा महाबलीपुरमला पुण्या-मुंबईची मंडळी जातात आणि दोन-तीन दिवसांचे धडे घेतात. हातात आठ-नऊ फुटांचा, वरून मऊ फोमचा बोर्ड असतो. पाणी कमरेएवढं. प्रशिक्षक मागे उभा राहून लाट बघतो, वेळ साधतो आणि बोर्डाला धक्का देतो. तुम्ही उभे राहता. किनाऱ्यावरचा मित्र फोटो काढतो. आनंद खरा आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण या सगळ्यात अवघड भाग प्रशिक्षकानं केला. लाट कुठं फुटेल हे त्यानं ओळखलं, वेग त्यानं दिला, क्षण त्यानं निवडला. तुमच्या वाट्याला उरला तो पॉप-अप, म्हणजे पालथं असताना झटक्यात पायांवर येणं. सर्फिंगमधला जास्तीत जास्त वेळ हात मारण्यात, वाट बघण्यात आणि पाणी वाचण्यात जातो, उभं राहण्यात अगदी थोडा. हे कुणी सांगत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी माणूस विचारतो, ‘आता लहान बोर्ड कधी?’ उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

फोटोंचा दोष आहेच. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग ताहितीतल्या तेआहुपोला झालं आणि ब्राझीलच्या गॅब्रिएल मेदिनाचा तो फोटो जगभर फिरला. जेरोम ब्रुइये या छायाचित्रकारानं टिपलेला. मेदिना हवेत सरळ उभा, एक बोट आभाळाकडे, शेजारी त्याचा आखूड बोर्डही तसाच उभा. फोटो अप्रतिमच आहे. पण तो माणूस तीन वेळा जगज्जेता झालेला आहे, लहानपणापासून पाण्यात वाढलेला आहे, आणि तेआहुपोची लाट उथळ प्रवाळावर येऊन भिंतीसारखी उभी राहते. तिथं लांब बोर्ड चालणारच नाही. आश्वेची डिसेंबरातली लाट वाळूवर हळूहळू उतरणारी, मऊ, कधी गुडघ्याला तर कधी कमरेला लागणारी. त्या फोटोतला बोर्ड इथं आणणं म्हणजे स्वतःला शिक्षा करणं.

आता हिशेब. तो एकदा मांडला की अर्धी हौस आपोआप ताळ्यावर येते.

बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये मोजतात. एक लिटर समुद्राचं पाणी बाजूला सारलं की साधारण एक किलोचा आधार मिळतो, पाणी खारं असल्यामुळे किंचित जास्तच. आठ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद आणि सव्वातीन इंच जाड असा शिकाऊ फोमचा बोर्ड ६८ लिटरच्या आसपास भरतो. त्याचं स्वतःचं सहा-सात किलो वजन वजा केलं तरी तो साठ किलोंहून जास्त भार तोलतो. ७० किलोंचा माणूस त्यावर पालथा झोपला की जवळजवळ पूर्ण पाण्याबाहेर राहतो. आता सहा फूट लांब, १९ इंच रुंद, दोन पूर्णांक चार दशांश इंच जाड असा शॉर्टबोर्ड घ्या. तो भरतो २९ लिटरच्या आसपास. बोर्डाचं वजन काढलं तर आधार उरतो २६-२७ किलोंचा. बाकीच्या ४३ किलोंचं काय? ते तुमची छाती, पोट आणि मांड्या पाण्यात बुडून तोलतात. बुडालेलं शरीर पाण्याला अडतं. म्हणजे प्रत्येक हात मारताना तुम्ही स्वतःलाच ओढत असता.

यात वेगाचा हिशेब मिसळा. मीटरभर उंचीची लाट साधारण सव्वा ते दीड मीटर पाण्यात फुटते, आणि तिथं तिचा वेग ताशी १२-१३ किलोमीटर असतो. चांगला सराव असलेला माणूस बोर्डावर पालथा पडून ताशी पाच-सहा किलोमीटरनं हात मारतो, नवखा त्याहूनही कमी. मग लाट पकडता कशी येते? मधली तफावत लाटेचा उतार भरून काढतो. बोर्ड उतारावरून घसरू लागला की वेग आपोआप चढतो. आणि इथंच लांब-लहानाचा खरा फरक आहे. मोठा, सपाट बोर्ड अगदी सौम्य उतारावरूनही घसरू लागतो. लाट अजून गोल आहे, फुटायला अवकाश आहे, तोवर तुम्ही तिच्यावर असता. उठायला, पाय जागेवर ठेवायला, उजवीकडं जायचं की डावीकडं हे ठरवायला सवड मिळते. लहान बोर्डाला तीव्र उतार लागतो. तोवर लाट उभी राहिलेली असते, तिचा ओठ पुढे कलू लागलेला असतो. उठायला मिळतो जेमतेम एक क्षण. त्या क्षणात ज्याचे पाय आपोआप जागेवर पडतात त्याच्यासाठी लहान बोर्ड बनवलेला आहे. ज्याला अजून गुडघा टेकून, मग एक पाय पुढे घेऊन उठावं लागतं, त्याच्याकडून तो बोर्ड नेमका वेळच काढून घेतो.

आणखी एक गोष्ट. पाणी कापत जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीची स्वाभाविक वेगमर्यादा पाण्यात टेकलेल्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. कागदावरच्या हिशेबात नऊ फुटी बोर्डाची ही मर्यादा सहा फुटीपेक्षा २२ टक्क्यांनी जास्त येते. तुमचे खांदे तेच, दम तोच, वेग मात्र वेगळा. त्यात शॉर्टबोर्डाचं नोज बरंच वर वळलेलं असतं. या वळणाला रॉकर म्हणतात. उभ्या लाटेवरून खाली उतरताना नोज पाण्यात घुसू नये म्हणून ते असतं, आणि सपाट पाण्यात हात मारताना तेच पाणी ढकलत बसतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग लहान बोर्ड घ्यायचाच नाही का? घ्यायचा, जरूर घ्यायचा, कारण त्यात जे सुख आहे ते नऊ फुटीत मिळत नाही. मागच्या पायाखाली बोर्डाची शेपटी, म्हणजे टेल, येते आणि नुसत्या टाचेच्या दाबानं बोर्ड वळतो. लाटेच्या उभ्या भिंतीवर त्याची लांबी बसते, मोठ्या बोर्डाची बसत नाही. फुटत्या लाटेखालून बोर्डासकट बुडी मारून पलीकडे निघता येतं. नऊ फुटी फोम पाण्याखाली दाबायला जा, तोच तुम्हाला वर फेकेल, म्हणून मोठ्या बोर्डवाल्याला उलटं होऊन बोर्ड छातीशी धरून लाट जाऊ द्यावी लागते. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि ज्याला रोज या अडचणी जाणवतात तो लहान बोर्डाला पात्र झालेला असतो. स्वतःहून न फुटलेली लाट पकडतो, उठता उठता तिरपा होतो, फेसापुढे लाटेच्या अंगावरून दोन्ही बाजूंना जातो, आणि वळताना त्याला बोर्ड सुस्त वाटतो. या माणसाला थांबवायचं काही कारण नाही.

पण त्यानंही लांबी बघून बोर्ड घेऊ नये. १९६७ साली सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसनं गुडघ्यांवर बसून चालवण्यासाठी एक बोर्ड घडवला. माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली टेल, तळाला दोन फिन, म्हणजे दिशा धरणारी पाती, साडेपाच फुटांच्या आतली लांबी, पण रुंद, भरीव आणि जवळजवळ सपाट. पुढे लोक त्यावर उभे राहू लागले आणि ‘फिश’ या नावानं तो घराणं होऊन बसला. साडेपाच फुटी फिशमध्ये सहा फूट दोन इंची शॉर्टबोर्डाएवढे लिटर सहज बसतात. म्हणजे आखूड बोर्ड नेहमी अवघड नसतो, आणि ‘मी किती फुटांवर आहे’ या बढाईला काही अर्थ नाही. रुंदी, जाडी, रॉकर, नोजपाशी फोम किती आणि टेलपाशी किती, हे सगळं मिळून बोर्ड ठरतो.

लिटरचाही देव करू नका. संगणकावर बोर्डाचा आराखडा काढून यंत्रानं फोम कापायला लागल्यापासून आकारमान दशांशापर्यंत कळू लागलं आणि बोर्डावर छापलं जाऊ लागलं. सोय चांगलीच झाली. पण दुकानात लोक आता ३४ घेऊ की ३५ यावर वाद घालतात आणि बोर्डाखाली वाकून त्याचं वळण बघत नाहीत. ३५ लिटर सहा फुटांत ठासून भरलेले आणि ३५ लिटर सात फुटांत पसरलेले, या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत. पहिला तरंगतो पण डगमगतो. दुसरा सरळ सुटतो.

या घाईचा इतिहास जुना आहे, आणि दर वेळी भरडला गेला तो सामान्य माणूसच. १९६६ साली सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग नऊ फूट चार इंचांच्या बोर्डावर जिंकला. तेव्हा तो पातळ आणि चपळ समजला गेला. पुढच्याच वर्षी बॉब मॅकटॅविशनं तळाला इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिलेले आखूड बोर्ड पाण्यात आणले. त्यामागे जॉर्ज ग्रीनो या अमेरिकन माणसाच्या गुडघाबोर्डांची आणि लवचिक फिनची प्रेरणा होती. १९७० उजाडेपर्यंत बोर्ड सहा-सात फुटांवर उतरले होते. चार वर्षांत दोन-तीन फूट! लाटेवर काय करता येतं याची कल्पनाच या माणसांनी बदलली आणि मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण ते स्वतः बोर्ड घडवत होते, सकाळी घडवून दुपारी पाण्यात तपासत होते. त्यांच्या मागे धावलेल्या हजारो लोकांकडे ना ती हत्यारं होती ना ते खांदे.

तेच १९९०च्या दशकात पुन्हा झालं. केली स्लेटर १९९२ साली पहिल्यांदा जगज्जेता झाला. अशी विजेतेपदं त्यानं पुढे एकूण अकरा मिळवली. त्याचे त्या काळचे बोर्ड अठरा इंचांच्या आसपास रुंद, सव्वादोन इंचांच्या आसपास जाड आणि नोज चांगलंच वळलेलं. त्याच्या पायाखाली ते जिवंत व्हायचे. दुकानांनी तेच माप सगळ्यांच्या गळ्यात मारलं. नोकरी सांभाळून रविवारी समुद्रावर जाणारी माणसं त्या पातळ पट्ट्यांवर छातीपर्यंत बुडून बसली आणि लाटा मोजत राहिली, दुसऱ्यांनी पकडलेल्या. पुढे फिश परत आले, रुंद आणि भरीव बोर्ड परत आले, तेव्हा कुठं या माणसांना पुन्हा उभं राहता आलं.

आणि आज? टॉरेन मार्टिन हा ऑस्ट्रेलियन माणूस जगातल्या उत्तमोत्तम लाटांवर सात फुटांच्या आसपासचे दोन फिनचे बोर्ड चालवतो, आणि त्याच्या लांब, शांत वळणांकडे बघताना जीव हरखून जातो. जोएल ट्यूडर १९९८, २००४ आणि २०२१ असा तीन वेळा लाँगबोर्डाचा जगज्जेता झाला. बोर्ड जसजसा लहान तसतसा माणूस मोठा, हा समज या दोघांकडे पाच मिनिटं बघितलं तरी गळून पडतो. ज्यांना कुठलाही बोर्ड चालवता येतो ते लांब बोर्ड निवडतात, आणि ज्यांना एकच बोर्ड जेमतेम जमतो त्यांना तो सोडायची घाई.

मग पुढची पायरी कोणती? माझं मत स्पष्ट आहे. आधी लांबी बदलू नका, बोर्डाचा पोत बदला. फोमचा मऊ बोर्ड पाण्यात किंचित वाकतो, त्याच्या कडा गोल आणि जाड, फिन बहुधा लवचिक प्लास्टिकचे. आठ फुटांचाच, पण फायबरग्लासचं कवच असलेला कडक बोर्ड घ्या. त्याला मिनी-माल म्हणतात, आकारमान ५५ लिटरच्या आसपास. वेग लगेच वाढतो. रेल, म्हणजे बोर्डाची कड, पाण्यात रुतते आणि वळण धरते. आणि फोमवर खपून गेलेल्या सगळ्या चुका इथं उघड्या पडतात. या बोर्डावर एक अख्खा हंगाम काढा. ७० किलोंच्या माणसाला त्यानंतर सात फूट दोन इंच लांब, साडेएकवीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड असा, ४७-४८ लिटरचा बोर्ड उत्तम. त्यानंतर साडेसहा फुटांचा, ३९-४० लिटरचा. सहा फूट आणि २९ लिटर ही त्याच्याही पुढची गोष्ट. आठवड्यातून तीन-चारदा पाण्यात उतरत नसाल तर ती कदाचित कधीच येणार नाही, आणि न आली तरी काहीएक बिघडत नाही.

दुकानातला ढोबळ नियम असा की नवख्यानं वजनाच्या किलोंएवढे लिटर धरावेत, मधल्यानं साठ-पासष्ट टक्के, पट्टीच्यानं पस्तीस-चाळीस. नियम ठीक आहे, पण तो तुम्ही रोज पाण्यात आहात असं गृहीत धरतो. पुण्यात खुर्चीवर बसून आठवडे काढणाऱ्या आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा कोकण-गोवा गाठणाऱ्या माणसानं त्यात पाच-सात लिटरची भर घालावी. खांदे विसरतात. समुद्र विसरलेल्या खांद्यांना सवलत देत नाही. वय चाळिशीपलीकडे असेल तर आणखी थोडी भर, आणि त्यात लाज कसली?

तामिळनाडूतल्या कोवलमला जाऊन बघा, म्हणजे रोज पाण्यात असणं काय असतं ते कळेल. मूर्ती मेगावन हा तिथला मच्छीमार. सर्फिंग शिकला आणि मग गावातल्या पोरांना शिकवू लागला. २०१२च्या सुमारास त्यानं उभी केलेली कोवलाँग पॉइंटची शाळा आज देशभर माहीत आहे. तिथली मच्छीमारांची मुलं मिळेल त्या बोर्डावर, मिळेल त्या लाटेवर, शाळेआधी आणि शाळेनंतर समुद्रात असतात. आखूड बोर्डावर ती काही महिन्यांत जातात, आणि त्यांनी जावंच. पाण्यातले त्यांचे तास मोजा. शहरी माणूस दहा वर्षांत जेवढा भिजणार नाही तेवढी ती एका पावसाळ्यात भिजतात. त्यांचा बोर्ड बघून आपला बोर्ड ठरवणं हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे.

किनाऱ्याचाही विचार हवा. खाडीत जायचं की खोल समुद्रात हे ठरल्यावरच मच्छीमार होडी निवडतो, आणि सर्फ करणाऱ्यानं त्याच्याकडून एवढं तरी उचलावं. गोव्यात शिकण्याचा हंगाम ऑक्टोबर ते मे. तेव्हा लाटा लहान, पसरट, वाळूवर फुटणाऱ्या. सकाळी मतलई वारे असतात तोवर पाणी गुळगुळीत, दुपारी खारे वारे सुटले की सगळं विस्कटलेलं. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटे, आणि जीवरक्षकांनी मनाई केली तर ती निमूट पाळायची. म्हणजे शिकाऊ माणसाला गोव्यात मिळणाऱ्या बहुतेक लाटा मऊ आणि अशक्त. अशा लाटेला लिटर लागतात. तिथं शॉर्टबोर्ड म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पूर्वेच्या किनाऱ्यावर गोष्ट वेगळी. तिथं नैऋत्य मोसमी काळात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, लाट सावरून धरतो, आणि जोरही जास्त असतो. एकाच माणसाला गोव्यात साडेसात फुटी आणि महाबलीपुरमला पावणेसात फुटी बोर्ड योग्य ठरू शकतो. याला प्रगती-अधोगतीची भाषा लावू नये.

इथं एक अपवाद मनापासून सांगायचा आहे, कारण शिकवणारे त्याकडे सर्रास दुर्लक्ष करतात. शिकाऊ बोर्डांची मापं धिप्पाड पुरुष समोर ठेवून बनलेली वाटतात. पाच फूट उंचीच्या, ५० किलोंच्या मुलीला २३ इंच रुंदीचा बोर्ड दिला की तिचे हात दोन्ही बाजूंनी पाण्यापर्यंत नीट पोहोचतच नाहीत. काखेखाली तो मावत नाही, वाळूतून ओढत न्यावा लागतो, दंडांच्या आतल्या बाजूची कातडी सोलवटते. ती मागे पडते आणि तिच्या ताकदीला नावं ठेवली जातात. तिला पहिल्याच आठवड्यात २१ इंच रुंद, सात फुटी, ४२-४३ लिटरचा बोर्ड द्या. वजनाच्या मानानं तो ७० किलोंच्या पुरुषाच्या ६० लिटरएवढाच उदार आहे. मुलांचंही तेच. लहान शरीराला लहान बोर्ड ही घाई नव्हे, तो न्याय आहे.

सुरक्षिततेबद्दल थोडं, पण ठामपणे. बोर्डाला बांधलेली दोरी, लीश, साधारण बोर्डाएवढीच लांब असते. नऊ फुटी बोर्ड हातातून सुटला तर दोरीच्या टोकापर्यंत तो १८ फुटांचा पट्टा झोडपून काढतो. त्या पट्ट्यात कुणाचं तरी डोकं असतं. म्हणून मोठा बोर्ड धरून ठेवायला शिकणं हाही शिक्षणाचा भाग आहे, आणि ‘मोठा बोर्ड आवरत नाही म्हणून लहान घेतो’ हे कारण मला मान्य नाही. जो मोठा सोडून देतो तो लहानही सोडून देईल, आणि लहान बोर्डाचं नोज टोकदार असतं, फिन कडक असतात.

कॅलिफोर्नियात किंवा सिडनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर घाई करायला काहीच सबब नाही. तिथं वापरलेले बोर्ड पैशाला पासरी मिळतात, कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिका गावाच्या किंवा सांताक्रुझच्या दुकानात सात फुटांचे चार नमुने शेजारी शेजारी उभे असतात. जुना बोर्ड घेताना एवढं बघा: उभं राहण्याच्या जागी अंगठ्यानं दाबल्यावर कवच फोमपासून सुटलेलं लागतं का, भेगांपाशी पिवळसर ओल दिसते का, फिनच्या खाचा हलतात का, आणि उचलताना बोर्ड मापाच्या मानानं जड वाटतो का. जड बोर्डानं पाणी प्यायलेलं असतं. तो सोडून द्या.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे, आणि शिकाऊ माणसाला एवढं बोलल्यावर शाळांना बोललंच पाहिजे. किनाऱ्यावरच्या बऱ्याच रॅकमध्ये एका टोकाला निळे-पिवळे आठ-नऊ फुटी फोमचे बोर्ड, दुसऱ्या टोकाला कुणा परदेशी पाहुण्यानं मागे ठेवलेले पिवळट पडलेले शॉर्टबोर्ड. मधली जागा रिकामी. ज्याला पुढची पायरी चढायची आहे त्याला पायरीच नाही, उडीच मारावी लागते. मग तो उडी मारतो आणि आपण त्याला उतावळा म्हणतो. पहिल्या धड्याचे पैसे घेऊन पाहुणा परत पाठवणं सोपं आहे. त्याला पाच वर्षं समुद्रात टिकवायचं असेल तर मधला बोर्ड लागतो. चार फोमचे बोर्ड कमी आणा, पण एक आठ फुटी कडक मिनी-माल आणि एक सव्वासात फुटी ठेवा. तासावर भाड्यानं द्या. डिंग, म्हणजे बोर्डाला खोक, पडली तर भरपाई किती, ते आधीच फळ्यावर लिहा, म्हणजे कुणी घाबरणार नाही. आणि तो बोर्ड मागणाऱ्याबरोबर प्रशिक्षकाला पहिला अर्धा तास पाण्यात पाठवा, न ढकलता, फक्त कुठं बसायचं आणि कोणती लाट सोडायची हे सांगायला. हंगाम ऑक्टोबरात उघडतो. पावसाळ्याचे चार महिने बोर्ड मागवायला पुरेसे आहेत.